रंगाची सुई

कुरेपच्या चौकात डबल्सच्या गाडीपाशी हॉलिस बॅप्टिस्टने पांढऱ्या पँटीचा एक पाय दोन बोटं वर उचलला आणि इस्मे लेझामाच्या तोंडातला घास तोंडातच राहिला. उचलला तो पँटीवर डाग पडू नये म्हणून. पांढरीशुभ्र पँट घालून, छोल्यांनी ओथंबलेले ते मऊ, पुरीसारखे बारे तेलकट कागदातून खायला उभं राहायचं, वर "मिरची भरपूर" असं सगळ्या रांगेला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने सांगायचं, हा अडुसष्टाव्या वर्षी याचा पराक्रम. मोज्याच्या जरा वर, नडगीवर, जायफळाएवढी जखम होती. ओली. कडा पांढुरक्या, मधे गुलाबी, आणि आजूबाजूची कातडी काचेसारखी चकचकीत. त्याने कापड लगेच खाली सोडलं. बोलणं मात्र कुठे तुटू दिलं नाही, वाक्य जिथे होतं तिथून पुढे चालू. असं न तुटलेलं वाक्य म्हणजे लपवाछपवी, हे इस्मेला तेव्हाच कळलं.

"अजून एक घेतेस?" हॉलिस म्हणाला.

"नको."

"मिरची झेपली नाही वाटतं."

"मला झेपली. तुझे डोळे पूस आधी."

"ते तुझ्याकडे बघून पाणावलेत, मिस लेझामा."

"काका, जरा बाजूला होऊन प्रेम करा," डबल्सवाला म्हणाला, "मागे लोक उपाशी आहेत."

रांग हसली. हॉलिसही हसला, मान मागे टाकून, सगळे दात दाखवून. दात त्याचे स्वतःचे होते एवढं त्याच्या बाजूने लिहायला हरकत नाही. केस तेवढे काळे नव्हते जेवढे दिसत होते. "उद्या तुझ्या बहिणीकडे जेवायला येतोय मी," तो म्हणाला. "आठवडा झाला लग्नाचं विचारून. उद्या उत्तर घेतल्याशिवाय उठणार नाही, सांगून ठेवतो." आणि छाती पुढे काढून तो ट्युनापुनाच्या मॅक्सी-टॅक्सीत चढला. डावा पाय पायरीवर टाकताना एक क्षणभर थांबला, एवढंच. दुसऱ्या कुणाला दिसलंही नसतं.

इस्मेला दिसायचं काही चुकत नसे. एकतीस वर्षं तिने बघत बसायचाच पगार घेतला होता. विद्यापीठाच्या मागच्या बाजूला, पत्र्याच्या लांब खोलीत, काचेच्या ऐंशी टाक्या, आणि त्यांत आरिपोच्या ओढ्यातून आणलेले गप्पी मासे. मधल्या टाकीत मादी सोडायची, दोन्ही बाजूंना काचेपलीकडे एकेक नर, आणि मग घड्याळ हातात घेऊन लिहायचं, बाई कुणासमोर किती सेकंद उभी राहिली. याच्यासमोर एकशे चाळीस, त्याच्यासमोर बावीस. लोक म्हणायचे, काय मजेची नोकरी. मजेची कसली. हजारो नर तिने नाचताना पाहिले आणि एकाच्याही डोक्यात दुसरा विचार नव्हता. अंग वाकडं करायचं, थरथरायचं, शेपूट पसरायची, पुन्हा वाकडं व्हायचं. मादीने पाठ फिरवली तर तिच्या पाठीला नाचून दाखवायचं. मादी काढून तिथे टाकी घासायचा ब्रश ठेवला तर ब्रशाला. जॉयलिनला, म्हणजे धाकट्या बहिणीला, ती सांगायची की एकदा एक नर आपल्याच सावलीसमोर सकाळी आठापासून जेवायच्या सुट्टीपर्यंत नाचला आणि सावलीने नकार दिला म्हणून रुसून कोपऱ्यात बसला. जॉयलिनला ते खरं वाटायचं, कारण तिचा नवराही तसाच होता.

पण नरांना हसणं सोपं. तिचा खरा राग माद्यांवर. नर बिचारे जन्मतःच मूर्ख, या मात्र निवड करायच्या. आणि निवड कशी, तर नारिंगी दिसलं की संपलं. एका मार्चमधली गोष्ट. मासे ओळखता यावेत म्हणून त्यांच्या कातडीखाली सुईने रंगाचा एक ठिपका भरत असत, निरोग्यांना हिरवा, कीड लागलेल्यांना निळा. निळा रंग संपला. तिने विचार केला, रंग तो रंग, आणि आजारी नरांना नारिंगी भरला. झालं. माद्या जत्रेला जमावं तशा आजाऱ्यांपुढे जमल्या. प्रोफेसर हाल्वोरसेन खोलीतून पळत आले, हातात कागद, चेहरा लालबुंद. "मिस इस्मे, जगाला आजवर जे वाटत होतं ते सगळं उलटं निघालं." तिने त्यांना आठवडाभर तसंच आनंदात राहू दिलं. एवढं शिकलेला माणूस एवढा आनंदात असला की बघवत नाही, पण मजा येते. मग सांगितलं, निळा संपला होता. ते तीन दिवस बोलले नाहीत. चौथ्या दिवशी त्यांनाच सुचलं की ओढ्यावर झाडांची नारिंगी फळं गळून पडतात, माशांना ती फार आवडतात, म्हणून नारिंगी दिसलं की त्या धावतात. म्हणजे हे असं. बाई नवरा शोधत नव्हतीच, जेवण शोधत होती, आणि वाटेत हा भेटला.

मागून आलेल्या दुसऱ्या मॅक्सीच्या खिडकीशी बसून ती ते आठवत होती आणि तिला हसू येत नव्हतं. जखमेच्या भोवतीची चकचकीत कातडी डोळ्यांसमोरून हलत नव्हती. ती कातडी तिने पाहिली होती. माणसाची नव्हे. एका वर्षी प्रोफेसरांनी बाटली आणली होती, मर्दानी हार्मोनची, वर लांबलचक नाव आणि खाली लाल अक्षरात सूचना. रोजच्या खाण्यात थोडं थोडं. पंधरा दिवसांत नरांवर असा रंग चढला की विचारू नका. एकाला ती महापौर म्हणायची. झाडूवाली मर्टल शपथेवर सांगायची, मी दिवा मालवला तरी तो महापौर कोपऱ्यात पेटलेला दिसतो. माद्या त्याच्यासमोरून हलत नसत. दोनशे सेकंद, दोनशे चाळीस. आणि मग कीड. एरवीही ओढ्याच्या माशांच्या अंगावर चिमूटभर कीड असतेच, अंग तिला झटकून टाकतं. महापौराच्या अंगाने झटकली नाही. पहिल्या सोमवारी तिने सूक्ष्मदर्शकाखाली मोजली तर चार. दुसऱ्या सोमवारी एकोणीस. तिसऱ्या सोमवारी एकशे बारा, कल्ल्यांपासून शेपटीपर्यंत. प्रोफेसर समजावून सांगायचे: जो रस रंग चढवतो, तोच अंगातल्या शिपायांना झोपवतो. म्हणून ज्याचं अंग मुळातच दणकट, त्यालाच हा रंग झेपतो, आणि मादीला ते बरोबर कळतं. इस्मे तेव्हा म्हणाली होती, "मादी रंग बघते, प्रोफेसर. बाटली कुठे बघते?" त्यावर ते हसले आणि ते वाक्य वहीत लिहून घेतलं, आपलं म्हणून. महापौर मेला त्या दिवशीही सकाळी नाचत होता. समोर कुणीच नव्हतं.

आणि आता सहा महिने. सहा महिन्यांपूर्वी हा माणूस कुठून उगवला? एका रविवारी चर्चच्या पायऱ्यांवर, पांढरा शर्ट, गळ्याशी एक बटण उघडं, भरदार आवाज, मान बैलासारखी, चेहऱ्यावर तांबूस लकाकी. बंदरावर जकात खात्यात होतो म्हणाला, निवृत्त. बायको वारलेली. तिने पाहिलं आणि थांबली. हो, थांबली, लपवायचं कुणापासून. त्यानंतर प्रत्येक रविवारी ती फाटकाशी थांबायची, छत्री उघडत नाही म्हणून, बुटात खडा गेला म्हणून. एकसष्ट वर्षांची बाई, जिने एकतीस वर्षं माद्यांच्या नावाने वहीच्या समासात 'मूर्ख' लिहिलं, ती बुटातला खडा काढायला पाच पाच मिनिटं घेत होती. त्याच्या खांद्यावर शर्टातून पुळ्या दिसायच्या, पंधरा वर्षांच्या पोरासारख्या. तो एका टॅक्सीवाल्यावर उगाच भडकला होता. हे सगळं तिने पाहिलं होतं. पाहून तिने काय केलं? तिला ते मर्दानी वाटलं. इस्मेला स्वतःची एवढी किळस आली की शेजारच्या बाईने विचारलं, "मळमळतंय का हो, मावशी? खिडकी उघडू?"

अ‍ॅल्विन असा नव्हता. तिचा नवरा, पाण्याच्या मीटरचे आकडे टिपून आणणारा, खाकी शर्ट, खाकी पँट, खाकी माणूस. बावीस वर्षांत एकदा शिंकला नाही. डेंग्यूने सगळी गल्ली झोपली तेव्हा हा घरोघर काढा पोचवत होता. आणि एका दुपारी जेवून आडवा झाला तो उठलाच नाही. चांगला होता, सगळे सांगतात, तीही सांगते. पण आज मॅक्सीत बसून तिने आठवायचा प्रयत्न केला, आपण त्याच्याकडे कधी नुसतं बघत उभ्या राहिलो का, तर तिला एकही क्षण सापडेना. दणकट नर, निरोगी नर, प्रोफेसरांच्या हिशेबाने पहिल्या नंबरचा. आणि तिची नजर बावीस वर्षं त्याच्या खांद्यावरून पलीकडे. म्हणजे मादीला बरोबर कळतं म्हणायचं ते हेच का.

ती विद्यापीठाशी उतरलीच नाही. माशांना एक दिवस उशिरा खायला मिळालं तर मरत नाहीत. ट्युनापुनाला हॉलिसच्या गल्लीशी उतरली, आणि उतरताच जॉयलिनचा फोन.

"उद्या काळा ड्रेस नको घालू हं," जॉयलिन म्हणाली. "पिवळा घाल. मी चिकनचा पेलाव करतेय, आणि खेकडा घालून कॅलालूची भाजी. त्याला खेकडा चालतो ना?"

"त्याला काय चालतं ते मी कशाला विचारू?"

"अगं, लग्न तू करणार आहेस का मी?"

"अजून कुणीच नाही."

"हे बघ इस्मे, तुझ्या वयाला असा माणूस चालून येतो म्हणजे चमत्कार आहे. काय तेज आहे त्याच्या तोंडावर. माझ्या नवऱ्याच्या तोंडावर नुसता घाम असतो."

"घाम खरा असतो," इस्मे म्हणाली आणि फोन बंद केला.

हॉलिसने दार उघडलं तेव्हा पँट बदललेली होती, अंगात बनियन, आणि तिला पाहताच त्याने पोट आत ओढलं. ते तिने पाहिलं. बस म्हणाला, मॉबीचं सरबत देतो, थंड आहे. बर्फ मी काढते, ती म्हणाली, आणि तो नको नको म्हणत पुढे येईपर्यंत तिने फ्रिज उघडलासुद्धा. अंड्यांच्या मागे, लोणच्याच्या बाटलीआड, चार छोट्या कुप्या. तिने एक उचलून उजेडात धरली. तेच लांबलचक नाव. एकतीस वर्षांत ते तिने इतक्या वेळा वाचलं होतं की झोपेत म्हणून दाखवलं असतं.

"व्हिटॅमिन आहे ते," हॉलिस म्हणाला.

"हॉलिस, मी हे माशांना घातलंय."

तो खुर्चीत बसला. बसताना पोट सुटलं, खांदे खाली आले, आणि एवढा मोठा माणूस एकदम दोन मापं लहान झाला.

"कोण टोचतं?"

"आहे एक डॉक्टर. खासगी."

"साखर आहे तुला?"

"थोडी."

"आरोग्य केंद्रात हे सांगितलंस?"

"त्या नर्सला? सगळ्या रांगेसमोर ओरडून विचारते ती, जरा मोठ्याने बोला म्हणून." त्याने पायाकडे पाहिलं आणि नजर वळवली. "सोमवारी बोलावलंय. म्हणते, रक्त दाट झालंय, का ते कळत नाही. अजून पंधरा दिवसांत भरलं नाही तर मोठ्या इस्पितळात पाठवतील. गुडघ्याखाली पाय जाईल म्हणे. कदाचित जास्त."

"आणि तू पांढरी पँट घालून डबल्स खातोयस."

"तुला आवडते ती पँट."

इस्मेला वाटलं कुपी भिंतीवर फेकून मारावी. भिंतीवर नव्हे, त्याच्या डोक्यात. "शुद्ध गाढव आहेस तू," ती म्हणाली. "मासा तरी बरा. माशाला मी खाऊ घालत होते, तू आपल्या पायाने चालत जाऊन टोचून घेतोस. कुणासाठी? चर्चच्या पायऱ्यांवर चार म्हाताऱ्या बघतील म्हणून?"

"चार नाही," हॉलिस म्हणाला. "एक." उठून त्याने दोन ग्लासांत मॉबी ओतली आणि एक तिच्या हातात दिला. "तू मला सहा महिन्यांपूर्वी पहिल्यांदा पाहिलंस ना? मी चार वर्षं तुझ्यामागे बसत होतो. बरोब्बर मागे. दर रविवारी. प्रार्थनेत शांतीचा हात मिळवायची वेळ आली की तू मागे वळून माझा हात हातात घ्यायचीस आणि बघायचीस कुठे, तर मागच्या खिडकीकडे. चार वर्षं. दोनशे वेळा तरी. एकदा मी वाढदिवस आहे म्हणून सांगितलंसुद्धा, तू म्हणालीस, शांती असो."

चार वर्षं इस्मेने मनात उलटीपालटी करून पाहिली. वेदी आठवली, फुलं आठवली, पुढच्या बाईच्या टोपीवरचा पिसांचा गुच्छ आठवला. मागे कुणी नव्हतं. मागे एक हात होता, कोमट, आणि त्या हातामागे काहीच नव्हतं. कुठल्या तोंडाने ती त्या माद्यांना मूर्ख म्हणत आली होती? त्या निदान दोन्ही बाजूंना एकदा फिरून तरी येत.

"काय घालायचास तू?" तिने विचारलं.

"तपकिरी शर्ट."

"दरवेळी?"

"तीन होते. तिन्ही तपकिरी. बायकोने घेतलेले." मग जरा ओशाळून म्हणाला, "घसा खवखवायचा माझा, म्हणून पेपरमिंटच्या गोळ्या असायच्या खिशात. प्रवचन लांबलं की खायचो."

इस्मेने ग्लास खाली ठेवला. "कागद चुरचुरवायचा तो तू?"

"आवाज यायचा?"

"आवाज? अरे, तीन मिनिटं लागायची तुला एक गोळी सोडायला. हळू सोडलं की ऐकू येत नाही असं वाटायचं ना तुला? हळू सोडलं की जास्त ऐकू येतं. आणि मग ती दातावर आपटायची. टक, टक. फादर पापाबद्दल बोलतायत आणि मागे टक, टक. मी घरी जाऊन जॉयलिनला नक्कल करून दाखवायचे. एका ईस्टरला तू आला नाहीस तर मी सगळी प्रार्थना सोडून कान लावून बसले, आत्ता सुरू होईल, आत्ता सुरू होईल. मेला म्हटलं का काय तो."

"आजारी नातेवाइकाला भेटायला टोबॅगोला गेलो होतो."

"मला काय माहीत. सगळा ईस्टर फुकट घालवलास माझा."

हॉलिस तिच्याकडे बघत होता. चेहऱ्यावरची ती विकतची लकाकी तशीच होती, पण तिच्या खालून कुणीतरी वर येत होतं, जरा भित्रं, जरा आशाळभूत, तपकिरी शर्टातलं. "म्हणजे तुझं लक्ष होतं," तो म्हणाला.

"लक्ष नव्हतं. राग होता."

"चार वर्षं?"

"चार वर्षं. दर रविवारी." ते बोलताना तिला जाणवलं की अ‍ॅल्विनचा तिला असा राग कधी आला नव्हता, एकदाही नाही, आणि त्या जाणिवेचाही तिला राग आला.

"हे बंद केलं की मी परत तसा होईन, इस्मे," हॉलिस म्हणाला. पहिल्यांदाच त्याने तिला नुसत्या नावाने हाक मारली. "डॉक्टरने सांगितलंय. आवाज उतरेल, अंग उतरेल. कदाचित पहिल्यापेक्षा जास्तच. पाय माझा आहे, गेला तर माझा जाईल. पण मला खरं सांग. तसा झालो तर बघशील?"

खोटं बोलणं सोपं होतं. बघेन म्हटलं असतं की चारही कुप्या त्याने स्वतःच्या हाताने मोरीत ओतल्या असत्या. पण न पाहिलेला आकडा तिच्याने लिहवत नसे. आणि बघणार नाही म्हटलं तर हा उद्या पुन्हा सुई घेणार, पांढरी पँट घालणार, आणि जॉयलिनच्या टेबलाखाली पाय लपवून पेलाव खाणार. तिने डोळे मिटून तपकिरी शर्ट डोळ्यांसमोर आणायचा प्रयत्न केला. आला नाही. ज्याची दाढ टकटक वाजते तो माणूस मात्र आला, आणि कपाळाची शीर उडाली.

"बघेन की नाही मला माहीत नाही," ती म्हणाली. "मला वाटतं नाही बघणार. पण ऐकू तू मला येणारच आहेस, त्याला इलाज नाही. सोमवारी किती वाजता?"

"सात."

"नर्सला तू सांगायचं, मी सांगणार नाही. आणि जॉयलिनला फोन कर, उद्या आपण दोघं येत नाही म्हणून. ती रडेल, रडू दे."

कुप्या तिने घेतल्या नाहीत. त्या अंड्यांमागे तशाच ठेवून फ्रिजचं दार लावलं. आणि दोन रात्री जागून काढल्या, तो काय करेल याचा अंदाज तिला बांधता येईना. एकतीस वर्षांत असं झालं नव्हतं. नर पुढे काय करणार हे तिला नेहमीच माहीत असायचं.

सोमवारी सातला आरोग्य केंद्राच्या बाकावर ती आधीच येऊन बसली. सव्वासातला हॉलिस आला. काळी चप्पल, जुनी करडी पँट, आणि ती गुडघ्यापर्यंत वर गुंडाळलेली, चौकातून, सगळ्यांच्या देखत, पाय उघडा टाकून. जखम दिवसाउजेडी चांगलीच ओंगळ दिसत होती. लोक वळून बघत होते. तो तिच्याशेजारी बसला आणि खिशातून चारही कुप्या काढून मांडीवर ठेवल्या. नर्सने नाव पुकारलं, तशी दोघं उठली. टेबलाशी जाऊन त्याने कुप्या तिच्यासमोर ठेवल्या आणि काहीतरी पुटपुटला.

"जरा मोठ्याने बोला," नर्स म्हणाली.

हॉलिसने मोठ्याने सांगितलं. काय आहे ते, कधीपासून, आठवड्याला किती. मागची सगळी रांग गप्प झाली आणि मग कुणीतरी खुसखुसलं. नर्सने चष्मा वर सरकवून त्याच्याकडे असं पाहिलं की इस्मेलाही वाटलं, हिला माशांच्या खोलीत घ्यायला हवं होतं. "सहा महिने मी तुमच्या रक्ताकडे बघून डोकं फोडतेय," ती म्हणाली. "वय काय तुमचं, काका? कुणाला दाखवायला चाललं होतं हे?" हॉलिसचे कान लाल झाले होते, आणि ती लाली कुठल्या बाटलीतली नव्हती.

"रोज ड्रेसिंग लागेल. घरी कुणीतरी बघणारं पाहिजे." नर्सने कागद पुढे ओढला आणि इस्मेकडे वळली. "तुम्ही यांच्या कोण?"

"चर्चमध्ये पुढच्या बाकावर बसते," इस्मे म्हणाली.

"तसा रकाना नाही, मावशी. बायको, बहीण, शेजारीण. यातलं सांगा. मागे तीस माणसं आहेत."

इस्मेने त्या कागदाकडे पाहिलं, मग त्या पायाकडे, मग वर मान न करणाऱ्या त्या माणसाकडे. केसांच्या मुळाशी अर्धं बोट पांढरं दिसत होतं. एवढं सामान्य डोकं तिने जन्मात पाहिलं नव्हतं.

"मग बायको लिहा," ती म्हणाली. "पण त्याला इतक्यात कळू देऊ नका, लगेच छाती काढेल."

तो तिच्या शेजारीच उभा होता.